फुकट सहलीचा इतिहास

आवळा देऊन कोहळा काढणें ही म्हण आमच्या भाषेंत जुनी आहे. परंतु आवळा किती मोठा असावा, तो कोणत्या क्षणीं पुढें करावा, आणि कोहळा मागण्यापूर्वीं घेणाराच्या हातांत तो किती वेळ राहूं द्यावा, याचें रीतसर शास्त्र बनविण्याचें श्रेय गेल्या सुमारें एकशेंचाळीस वर्षांत अमेरिकेंत जमिनी विकणाऱ्या मंडळींस दिलें पाहिजे. त्या शास्त्राचें आजचें परिणत फळ म्हणजे सवलतीचा मुक्काम.

मॉलच्या दारांत किंवा पेट्रोलपंपावर एक चिठ्ठी भरून घेतली जाते, आणि आठ दिवसांनीं दूरध्वनी येतो कीं आपल्या कुटुंबास बक्षीस लागलें आहे. तें घेण्यासाठीं अमुक हॉटेलांत सायंकाळीं यावें, जेवणहि तेथेंच होईल. अमेरिकेंत हेंच आमंत्रण अधिक ऐसपैस असतें: ऑरलँडोसारख्या सहलीच्या गांवीं तीन दिवस व दोन रात्री, नेहमींच्या भाड्याच्या लहानशा अंशांत. बदल्यांत दीड तासाचें एक निवेदन ऐकावयाचें, एवढीच अट. त्या अटीच्या पोटांत आणखी दोन-तीन अटी बारीक अक्षरांत असतात. पति-पत्नी दोघांनींहि बसलें पाहिजे. घरचें उत्पन्न अमुक रकमेच्या वर असलें पाहिजे. आणि निवेदनास न गेल्यास खोलीचें पूर्ण भाडें वसूल केलें जाईल. विकावयाची वस्तु म्हणजे टाईमशेअर, अर्थात् सुट्टीच्या ठिकाणीं बांधलेल्या घरांतील वर्षाच्या एखाद्या आठवड्याचा वांटा. हल्लीं आठवड्याऐवजीं पुष्कळदां गुणांची पुंजी विकतात. मूळ कल्पना तीच.

इतक्या कमी दरांत खोली देणें त्यांना परवडतें तरी कसें, हा प्रश्न एखाद्या सुज्ञ गृहिणीस प्रथम सुचेल, आणि तोच योग्य प्रश्न आहे. त्याचें उत्तर शोधण्यास बरेंच मागें जावें लागतें.

१८८५ सालीं सँता फे रेल्वे लॉस एंजेलिसपर्यंत पोंचली, आणि तेथें आधींपासून मक्ता गाजवीत असलेल्या सदर्न पॅसिफिक कंपनीशीं तिची भाड्याची चढाओढ जुंपली. मार्च १८८७ मध्यें ही चढाओढ इतकी विकोपास गेली कीं कॅन्सस सिटीहून दक्षिण कॅलिफोर्नियास जाण्याचें भाडें कांहीं काळ अवघ्या १ डॉलरवर आलें. गाड्या भरभरून लोक आले. त्यांतले किती हवा खाण्यास आले होते व किती घर करण्यास, हें त्यांचें त्यांनाहि ठाऊक नसावें. त्यांना गांठण्यासाठीं जमिनीच्या दलालांनीं बँडबाजा लावला, लिलावाच्या जागेपर्यंत फुकट गाड्या सोडल्या आणि तेथें फुकट जेवणाच्या पंगती मांडल्या. तिकीट स्वस्त झालें तें दोन कंपन्यांच्या भांडणामुळें. जेवण फुकट झालें तें हिशेबानें. आमच्या विषयाचा आरंभ या दुसऱ्या गोष्टीपासून होतो.

पुढें १९२० नंतरच्या पांच-सहा वर्षांत अमेरिकेच्या दुसऱ्या टोंकास, फ्लोरिडांत, या रीतीला भरतें आलें. कार्ल फिशर यानें मियामी बीच वसवितांना एक हत्तीण पाळली होती. १९२१ सालीं नुकतेच अध्यक्षपदीं निवडून आलेले हार्डिंग तेथें गॉल्फ खेळण्यास आले, तेव्हां त्यांचें सामान वाहणाऱ्या त्या हत्तिणीचीं छायाचित्रें देशभर झळकलीं. जॉर्ज मेरिक यानें त्याच वर्षीं कोरल गेबल्स या नव्या नगराचे भूखंड विकण्यास काढले. दूरदूरच्या शहरांतून गिऱ्हाइकें आणण्यासाठीं त्यानें मोटारगाड्यांचा स्वतःचा ताफा ठेवला होता. पोंवळ्याच्या दगडाच्या जुन्या खाणींत बांधलेल्या तलावाच्या कांठीं या पाहुण्यांसमोर व्याख्यान देण्यास विल्यम जेनिंग्ज ब्रायन उभा राही. हा गृहस्थ तीन वेळां अध्यक्षपदाचा उमेदवार व एकदां परराष्ट्रमंत्री झालेला. त्याच्या वाणीची कीर्ति एवढी कीं, फ्लोरिडाच्या हवेचें गुणगान त्यानें केल्यावर साक्षीपुराव्याची गरज उरत नसे. व्याख्यानानंतर संगीत व नाच, आणि त्यानंतर विक्रेत्यांची फौज. ज्या वक्त्यानें १८९६ सालीं धनिकांविरुद्ध शेतकऱ्यांची बाजू घेऊन सारा देश हलविला, त्याच्या उतारवयीं ही चाकरी यावी, याची आम्हांस खंत वाटते. परंतु विक्रेत्याच्या दृष्टीनें निवड अचूक होती. पाहुण्यास प्रथम आदरणीय माणूस दाखवावा व नंतर नकाशा, हा क्रम त्या दिवसांत पक्का झाला.

त्या काळच्या फ्लोरिडांत पूर्ण पैसे देऊन जमीन घेणारा विरळाच. लोक विसार देत, आणि विसारपावत्यांचाच व्यापार करीत. पुढचा हप्ता देण्याची वेळ येण्यापूर्वीं पावती दुसऱ्याच्या गळ्यांत बांधली कीं झालें. ऑक्टोबर १९२५ मध्यें मालाच्या गर्दीनें तुंबलेल्या रेल्वेनें माल घेणें बंद केलें, जानेवारी १९२६ मध्यें मियामी बंदराच्या तोंडाशीं एक जहाज उलटून वाट अडली, आणि त्याच वर्षीं १८ सप्टेंबरच्या चक्रीवादळानें उरलेसुरलें उडवून नेलें. बाजार बुडाला, युक्ति मात्र तरली.

तिला पुन्हां वर आणली ती बाल्टिमोरच्या रोझेन बंधूंनीं. केसांना लावण्याचीं औषधें दूरचित्रवाणीवरून विकून त्यांनीं पैसा केला होता. १९५७ सालीं ते फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आले आणि त्यांच्या गल्फ अमेरिकन कंपनीनें केप कोरल हें नगर आंखलें. उत्तरेच्या थंडीनें गारठलेल्या गांवांत ते लोकांस हॉटेलांत फुकट जेवावयास बोलावीत, जेवणानंतर चित्रपट दाखवीत. जे थोडेसे विरघळत त्यांना विमानानें फ्लोरिडास नेत. तेथें लहान विमानांतून जमीन वरून दाखवावयाची आणि गिऱ्हाइकाचा भूखंड कोणता हें कळावें म्हणून खिडकींतून पिठाची पिशवी खालीं टाकावयाची, असा प्रकार चाले असें सांगतात. चिखलावर उमटलेला तो पांढरा डाग पाहून कितीजणांनीं सह्या केल्या असतील! पाहुण्यांच्या खोल्यांत ध्वनिग्राहक लपवून नवरा-बायको आपसांत काय बोलतात हें ऐकलें जाई, हें तर त्या काळच्या वृत्तांतांत नमूद आहे. 'हप्ता जड जाईल' असें बायको म्हणाली कीं दुसरा विक्रेता येऊन, कांहीं ठाऊक नसल्यासारखा, हप्त्याचीच सवलत पुढें करी.

या ठिकाणीं न्यायबुद्धीनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. केप कोरल हें थोतांड नव्हतें. २०२० च्या खानेसुमारींत त्या शहराची वस्ती १ लाख ९४ हजारांच्या घरांत होती. तेथें जमीन घेऊन सुखानें राहिलेलीं माणसें पुष्कळ आहेत. उलट त्याच कंपनीनें विकलेल्या गोल्डन गेट एस्टेट्सच्या दक्षिण भागांत पावसाळ्यांत पाणी भरे. अखेरीस सरकारनें ती जमीन हजारों मालकांकडून परत विकत घेतली, आणि दलदल पुन्हां पूर्ववत् व्हावी म्हणून तेथील कालवे बुजविले व रस्ते उखडले. ध्यानांत ठेवावयाचें तें हें, कीं दोन्ही ठिकाणची विक्री एकाच पद्धतीनें झाली. जेवण तेंच, विमान तेंच, घाई तीच. चांगली जमीन व वाईट जमीन यांतला भेद गिऱ्हाइकास दिसूं नये अशीच त्या पद्धतीची रचना होती. १९६७ मध्यें कंपनीनें फसव्या विक्रीपद्धतीचा दोष कबूल केला, आणि १९६८ मध्यें अमेरिकेच्या काँग्रेसनें परप्रांतीय जमीनविक्रीसाठीं माहिती उघड करण्याची सक्ति करणारा कायदा केला.

टाईमशेअरची कल्पना मात्र अमेरिकेची नव्हे. १९६३ सालीं स्वित्झर्लंडमध्यें हापिमाग ही संस्था निघाली. सभासदांनीं भांडवल घालावें व संस्थेच्या सुट्टीच्या घरांत आळीपाळीनें राहावें, असा तिचा बेत होता. त्याच दशकांत फ्रान्सच्या आल्प्स पर्वतांतील सुपर-देव्होल्युई येथें घराचे आठवडे विकले जाऊं लागले. मूळ विचार शहाणपणाचा होता. वर्षांतून एक आठवडा राहावयाचें त्यानें बावन्न आठवड्यांचें घर कां घ्यावें? १९७३ च्या तेलटंचाईनंतर फ्लोरिडांत बांधून पडलेलीं घरें विकली जाईनात, तेव्हां बांधणाऱ्यांस हा विचार सांपडला. एक घर एकास विकलें जात नसेल तर पन्नासजणांस विकावें, आणि उरलेले एक-दोन आठवडे डागडुजीस ठेवावे. १९७४ मध्यें आठवड्यांची अदलाबदल करून देणारी आर. सी. आय. ही कंपनी इंडियानापोलिसला निघाली, आणि 'येथें घेतलेला आठवडा जगांत कोठेंहि वापरा' असें म्हणण्याची सोय झाली.

पण येथेंच अडचण उपजली. शंभर घरांची इमारत पूर्वीं शंभर गिऱ्हाइकांत खपत असे; आतां तिला पांच हजार गिऱ्हाइकें हवींत. शिवाय जमीन शोधीत माणूस स्वतः बाजारांत येतो, तसा 'मला ऑगस्टमधला तिसरा आठवडा विकत द्या' असें म्हणत कोणी येत नाहीं. गरजच नव्यानें निर्माण करावयाची, तीहि हजारों घरांत. म्हणून जेवण, विमान व मुक्काम यांचा जुना संसार या नव्या धंद्यानें जसाच्या तसा उचलला, आणि त्याला कारखान्याची शिस्त दिली.

आतां त्या गृहिणीच्या प्रश्नाचें उत्तर देतां येतें. समजा, दहा कुटुंबें सवलतीच्या मुक्कामास आलीं आणि त्यांतील एकानें सही केली. दहाहि खोल्यांची तूट, दूरध्वनी करणारांचे पगार, बक्षिसें व दलाली, हें सारें त्या एकाच्या किंमतींत चढविलें जातें. बड्या कंपन्यांच्या हिशेबांत विक्रीच्या उत्पन्नाचा निम्म्याच्या आसपास भाग विक्रीखर्च व प्रसिद्धि यांतच जातो. नकार देणाऱ्या नऊजणांचा पाहुणचार होकार देणाऱ्या दहाव्याच्या खिशांतून झालेला असतो. त्यानें घेतलेला आठवडा दुसऱ्या दिवशीं विकावयास काढला तर ही निम्मी रक्कम कोण भरून देणार? जुन्या बाजारांत हजारों डॉलरांचे आठवडे एका डॉलरला विकावयास ठेवलेले आढळतात, त्याचें एक मोठें कारण हेंच.

दीड तासांत प्रत्यक्ष काय घडतें तें थोडक्यांत पाहूं. सकाळीं न्याहारीनें स्वागत होतें. एक गोडबोल्या माणूस शेजारीं बसतो. तो कांहींच विकीत नाहीं, फक्त मुलें किती, मागच्या वर्षीं कोठें गेलां होतां, पुढें कोठें जावेंसें वाटतें, असें विचारतो. तुम्हीं सांगितलेलें प्रत्येक उत्तर तासाभरानें तुमच्याच विरुद्ध साक्षीस उभें राहणार असतें. मग वीस वर्षांत हॉटेलांवर किती खर्च होईल याचें गणित कागदावर मांडलें जातें, आणि तो आंकडा फुगवून तुमच्याकडूनच वदवून घेतला जातो. नंतर उत्तमांतलें उत्तम सजविलेलें घर दाखवितात. परत दिवाणखान्यांत यावें तों शेजारच्या टेबलावर कोणींतरी 'घेतलें' म्हणून टाळ्या वाजत असतात. किंमत लिहिली जाते, तुम्ही दचकतां, 'साहेब' येतात, किंमत खोडतात, निम्मी करतात. तीहि नको म्हटल्यास आणखी एक साहेब, आणखी लहान योजना. मात्र प्रत्येक किंमत आजच्यापुरती, याच खुर्चींत बसलेले असेपर्यंत. उद्यां विचार करून येतों म्हणणारा गिऱ्हाईक परत येत नाहीं, हा त्या धंद्यांतील पक्का समज आहे. आणि घाईचें सारें रहस्य त्या समजांत आहे. जी वस्तु एका रात्रीचा विचार सोशीत नाहीं ती वीस वर्षें कशी सोशील, असें मनांत येण्यास तेथें उसंत नसते. दीड तासाचे तीन-चार तास झालेले असतात, मूल कंटाळून रडूं लागलेलें असतें, आणि बक्षिसाची चिठ्ठी अजून साहेबांच्या हातांत असते.

पति-पत्नी दोघांनींहि यावें ही अट प्रेमापोटीं नसते. 'घरीं विचारून सांगतों' हा मध्यमवर्गीय माणसाचा शेवटचा किल्ला. दोघांस एका टेबलावर बसविलें कीं तो आपोआप पडतो.

या सगळ्या यंत्राचें इंधन कोणतें, असें आम्हांस कोणी विचारल्यास आम्ही लोभ म्हणणार नाहीं. लोभी माणूस बक्षीस घेऊन निघून जातो. सांपडतो तो भिडस्त. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यानें १९२५ सालच्या आपल्या दानविषयक निबंधांत दाखविलें कीं, देणें, घेणें व परत करणें हीं तीन्ही समाजाचीं बंधनें आहेत. भेट स्वीकारणारा ऋणी होतो. १९७१ सालीं डेनिस रेगन या मानसशास्त्रज्ञानें याची लहानशी कसोटी घेतली. दोन अनोळखी विद्यार्थी एकत्र काम करीत असतां एकानें मध्येंच बाहेर जाऊन दोघांसाठीं कोकाकोलाच्या बाटल्या आणल्या. नंतर त्यानें सोडतीचीं तिकिटें घेण्याची विनंति केली. ज्यांना बाटली मिळाली होती त्यांनीं, न मिळालेल्यांच्या जवळजवळ दुप्पट तिकिटें घेतलीं. बाटली कोणी मागितली नव्हती, हें विशेष. खाल्ल्या मिठाला जागावें हा आमचा जुना संस्कार. तो वाईट नाहीं, त्याच्यावरच घरें व शेजार उभे आहेत. पण मीठ जेव्हां मोजून, जागविण्याच्याच हेतूनें वाढलेलें असतें, तेव्हां त्याला पाहुणचार म्हणावें कीं खरेदी? भीड ही भिकेची बहीण, असें आमच्या पूर्वजांनीं उगीच म्हटलेलें नाहीं.

सही झाल्यावर खरा खर्च सुरू होतो. दरवर्षीं देखभालीची पट्टी द्यावी लागते. आपण गेलां नाहीं तरी ती चुकत नाहीं, आणि ती वाढत जाते. पुष्कळ करारांना मुदतच नसे, त्यामुळें म्हाताऱ्या माणसांस आपल्यामागें हें देणें मुलांच्या माथीं बसेल याची धास्ती लागे. तेनेरीफसारख्या स्पेनच्या बेटांवर ब्रिटिश प्रवाशांस रस्त्यांत गांठून, खरवडण्याच्या चिठ्ठ्या हातांत देऊन, 'तुम्हांला मोठें बक्षीस लागलें' म्हणून टॅक्सींत घालून नेण्याचा धंदा वर्षानुवर्षें चालला. गोव्यांत कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावरहि इ. स. २००० च्या सुमारास परदेशी पाहुण्यांस अशाच चिठ्ठ्या वांटल्या जात. स्पेननें १९९८ च्या कायद्यानें अशा हक्कांस पन्नास वर्षांची कमाल मर्यादा घातली, आणि तेथील सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१५ मध्यें कायमच्या मुदतीचा करार रद्द ठरविला.

आमच्याकडे हा व्यवसाय १९८६ मध्यें मद्रासेंत निघालेल्या स्टर्लिंगपासून व १९९६ मध्यें महिंद्राच्या सुट्टी-कंपनीपासून रुजला. थंड हवेच्या ठिकाणीं दरवर्षीं मुलाबाळांसह जाऊन समाधान पावलेलीं कुटुंबें आमच्या परिचयाचींहि आहेत. वस्तूविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती तिच्या दाराशीं ठेवलेल्या बक्षिसाविषयीं. आणि याबाबत आमचा कायदा मुका नाहीं. १९८४ सालीं मक्तेदारीविरोधी कायद्यांत केलेल्या दुरुस्तीनें, ज्या वस्तूची किंमत एकूण व्यवहारांतून पूर्णतः वा अंशतः वसूल केली जाते ती फुकट दिल्याचा भास निर्माण करणें ही अनुचित व्यापारी प्रथा ठरली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांतहि तेंच कलम आहे. शब्द नेमके आहेत. परंतु त्यांचा उपयोग सही झाल्यावर, पैसे गेल्यावर, आयोगाच्या पायऱ्या चढतांना. सही करतेवेळीं मिळावयास पाहिजे तें विचाराला अवकाश देणारें कलम आमच्याकडे टाईमशेअरपुरतें स्वतंत्रपणें नाहीं; कंपनीनें करारांत जितके दिवस घातले असतील तितकेच.

इतरत्र कायद्यानें या रोगावर शोधलेलें औषध पाहण्यासारखें आहे. बक्षिसें बंद करणें किंवा जेवणें बंद करणें त्याला जमलें नाहीं. त्यानें गिऱ्हाइकास वेळ परत दिला. फ्लोरिडांत सही केल्यापासून दहा दिवसांच्या आंत करार मोडतां येतो, आणि हा हक्क गिऱ्हाइकानें लिहून सोडला तरी सुटत नाहीं. ब्रिटनच्या १९९२ च्या कायद्यानें चौदा दिवस दिले. युरोपीय संघानें १९९४ मध्यें दहा दिवस दिले व त्या अवधींत आगाऊ रक्कम घेण्यास मनाई केली. ही मनाई फार मार्मिक आहे, कारण पैसे एकदां देऊन बसलेला भिडस्त माणूस ते परत मागण्यास लाजतो. २००८ मध्यें हा अवधि चौदा दिवसांचा झाला. शिवाय, जेथें विक्री होणार असेल अशा समारंभाच्या निमंत्रणांतच तो हेतु स्पष्ट लिहिला पाहिजे, आणि टाईमशेअर ही गुंतवणूक म्हणून विकतां कामा नये, हे दोन नियम त्यांत आले.

त्या २००८ च्या नियमांबरोबर एक छापील नमुनाहि जोडलेला आहे. विक्रेत्यानें करारासोबत तो कोरा कागद गिऱ्हाइकाच्या हातीं दिलाच पाहिजे. त्यावर नांव, पत्ता, कराराची तारीख व सही एवढेंच भरावयाचें आणि पाठवून द्यावयाचें. नको कां, याचें कारण लिहिण्यास त्या कागदावर जागाच ठेवलेली नाहीं.